साष्टीतला रविवारचा वर्ग : ख्रिस्तपुराण कुणी मागितले, कसे घडले आणि पुढे त्याचे काय झाले

रविवारची दुपार उलटली आहे. गोव्यातल्या साष्टी प्रांतातल्या एका चर्चमध्ये मुलांना ख्रिस्ती धर्माचे पाठ दिले जात आहेत. पाद्री खुर्चीवर बसले आहेत, मोठी माणसेही ऐकायला थांबली आहेत. त्यांच्यातला बाप्तिस्मा घेतलेला एक ब्राह्मण पुढे होतो, नमस्कार करतो आणि आपले म्हणणे मांडतो. त्याचा आशय असा : तुम्ही सांगता ते आम्ही मनापासून ऐकतो. पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. मग त्यांच्या जागी तसेच एखादे दुसरे पुराण आम्हाला का करून देत नाही?

हा प्रसंग फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात अगदी सुरुवातीलाच आला आहे. ग्रंथ १६१६ साली छापला गेला. प्रसंग जसाच्या तसा घडला, की ग्रंथाची पूर्वपीठिका म्हणून कवीने तो रचला, यावर वाद घालता येईल. पण नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाने ‘आमचे काढून घेतलेत, आता त्याच तोलाचे द्या’ असे गुरूला सांगावे आणि गुरूने ते आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात नोंदवावे, ही गोष्ट कोणत्याही बाजूने पाहिली तरी मोठीच आहे.

ख्रिस्ती धर्मशिक्षण आणि स्थानिक परंपरा यांची चर्चा निघाली की आपल्याकडे ती फार लवकर समई, आरती आणि कपाळावरच्या टिळ्यापाशी जाऊन थांबते. मला त्या गोष्टी प्रिय आहेत. पण सामावून घेणे म्हणजे नेमके काय, कोण कुणाला सामावून घेतो आणि कोणत्या परिस्थितीत, हे तपासायचे तर साष्टीच्या या वर्गाइतके भरगच्च दुसरे उदाहरण मला माहीत नाही. त्यात उजेडाइतकाच अंधारही आहे, आणि दोन्ही एकाच गावात, एकाच पिढीत आहेत.

मागणीच्या मागे काय होते

तिसवाडी १५१० मध्ये पोर्तुगीजांच्या हाती गेली. साष्टी आणि बारदेश त्यांच्याकडे आले १५४३ मध्ये. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून साष्टीचे धर्मकार्य जेझुइट या पाद्र्यांच्या संघाकडे आणि बारदेशचे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या संघाकडे होते. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मविरोधी ठरवलेल्या वागण्याची चौकशी करून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायालयाची, स्थापना झाली. १५६७ मध्ये साष्टीतली देवळे पाडली गेली. ज्यांना जमले त्यांनी आपले देव उचलून नदीपलीकडे, पोर्तुगीज अमलाबाहेरच्या अंत्रुज महालात नेले. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. महाराष्ट्रातली कितीतरी कुटुंबे आज कुलदैवताला म्हणून फोंड्याकडे जातात, तेव्हा ती खरे तर या स्थलांतराच्या वाटेनेच जात असतात.

देव गेले तसे ग्रंथही गेले. १५५० च्या दशकाच्या शेवटी एका धर्मांतरित ब्राह्मणाकरवी पलीकडच्या मुलखातून मराठी पोथ्या मिळवल्या गेल्या आणि त्यांतले उतारे वादविवादात खंडनासाठी वापरले गेले. म्हणजे पाद्र्यांनी आमची पुराणे वाचली ती आधी खोडून काढण्यासाठी. ब्राह्मणांनी ठरलेल्या दिवशी ख्रिस्ती प्रवचनाला हजर राहावे, अशी सक्तीही झाली.

मुलांचे काय झाले, ते सांगितल्याशिवाय धर्मशिक्षणाची कोणतीही कथा पुरी होत नाही. फ्रान्सिस झेवियर १५४२ मध्ये गोव्यात आले. रस्त्याने घंटा वाजवत मुलांना गोळा करायचे आणि प्रार्थना शिकवायच्या, ही त्यांची पद्धत सर्वश्रुत आहे. घंटेमागे धावणाऱ्या पोरांचे चित्र गोड आहे. पण याच झेवियरांच्या पत्रांत, घरात मूर्तिपूजा चालली की मुले येऊन आपल्याला सांगतात, याबद्दलचे कौतुकही आहे. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजसत्तेने हुकूम काढला : अनाथ हिंदू मुले जेझुइटांच्या ताब्यात द्यावीत, त्यांना बाप्तिस्मा देऊन वाढवावे. पुढे आई हयात असली तरी, वडील वारलेल्या मुलाला अनाथच धरले जाऊ लागले.

मग कुंकळ्ळी. जुलै १५८३ मध्ये रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार जेझुइट सोबती चर्चसाठी जागा निवडायला आणि क्रूस रोवायला कुंकळ्ळीला गेले. हे अक्वाविवा काही वर्षांपूर्वी अकबराच्या दरबारात राहून आलेले. देवळे पाडल्याचा आणि करांचा राग गावात धुमसत होताच. गावकऱ्यांनी पाचही जणांना ठार मारले. सोबतचे काही स्थानिक ख्रिस्तीही मारले गेले. चर्चच्या वृत्तांतात डोमिनिक नावाच्या कुंकळ्ळीच्याच एका मुलाची नोंद आहे. तो पाद्र्यांबरोबर हिंडे आणि त्यांना देवळांच्या जागा दाखवी. त्याला त्याच्या सख्ख्या काकाने मारले, असे वृत्तांत सांगतो. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुख गावकारांना, म्हणजे गावाचा कारभार पाहणाऱ्या मूळ घराण्यांच्या पुढाऱ्यांना, बोलणी करू म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावले आणि तिथे त्यांची कत्तल केली.

त्या मुलापाशी मी नेहमी अडखळते. धर्मशिक्षणाने त्याला देव दिला असेल. पण त्याच शिक्षणाने त्याला त्याच्या घराच्या आणि गावाच्या विरुद्धही उभे केले. मुलाच्या श्रद्धेची किंमत अशी नात्यांतून वसूल होऊ लागली, तर शिकवणाऱ्याने आपले शिकवणे थांबवून तपासले पाहिजे.

कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या पाच जणांचे देह परत आणणाऱ्यांत एक इंग्रज पाद्री होता. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स.

शिक्षक

स्टीफन्स मूळचे इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातले, जन्म १५४९ च्या आसपासचा. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक असणे म्हणजे राजद्रोहाच्या संशयात जगणे होते. थॉमस पाउंड हा त्यांचा जवळचा मित्र कॅथलिक म्हणूनच तुरुंगात पडला. स्टीफन्स निसटून रोमला पोचले, १५७५ मध्ये जेझुइट झाले, १५७९ च्या एप्रिलमध्ये लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरमध्ये गोव्याला उतरले. पुढची सुमारे ४० वर्षे, म्हणजे १६१९ मध्ये मरण येईपर्यंत, ते मुख्यतः साष्टीतच राहिले.

आपल्या घरची प्रार्थना बेकायदा ठरवली जाते तेव्हा काय वाटते, हे या माणसाला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. त्याने ते कुठे लिहून ठेवलेले नाही, आणि त्याच्या ओव्यांत मूर्तिपूजेवर टीकाही भरपूर आहे. तरीही ‘आमची पुराणे बंद केलीत’ हे वाक्य दुसऱ्या कुणा पाद्र्याने कदाचित उद्धटपणा म्हणून झटकून टाकले असते. यांनी ते ऐकून घेतले. मला वाटते, त्यात विल्टशायरचा वाटा असावा.

दुसरे कारण भाषेचे. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनच्या घडणीसारखी असल्याचे लिहिले आहे. युरोपीय आणि भारतीय भाषांमधले हे साम्य इतक्या लवकर नोंदवणारे फार थोडे. त्याच वर्षी त्यांनी कुंकळ्ळीहून सोबत्यांचे देह उचलले होते, हे लक्षात ठेवून ते पत्र वाचावे. ज्या लोकांनी आपली माणसे मारली, त्यांच्या भाषेचे कौतुक हा माणूस त्याच वर्षी घरी कळवत होता.

उत्तर

मागणीला उत्तर म्हणून जे तयार झाले ते सुमारे ११,००० ओव्यांचे पुराण. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूचे चरित्र. पहिल्याचे ३६ अध्याय, दुसऱ्याचे ५९. अध्यायाला स्टीफन्स ‘अवस्वरू’ म्हणतात. हा शब्द त्यांनी हवेतून काढलेला नाही. याच साष्टीतल्या केळशीच्या कृष्णदास शामाने १५२६ मध्ये श्रीकृष्णचरित्र रचायला घेतले, त्याचे अध्यायही अवस्वरूच आहेत. म्हणजे स्टीफन्सनी पुराण लिहिताना आदर्श ठेवला तो कुठल्या दूरच्या पंडिती परंपरेचा नव्हे. साष्टीतल्या माणसांनी आपल्या आजोबांच्या तोंडून ज्या पद्धतीने कथा ऐकली होती, ती पद्धत त्यांनी घेतली.

ग्रंथाची सुरुवात ‘वो नमो विश्वभरिता’ अशी होते. मराठी ग्रंथ नमनाने उघडतो, हे श्रोत्याच्या अंगवळणी पडलेले असते. ते नमन कुणाला, एवढेच स्टीफन्सनी बदलले : पित्याला, पुत्राला, पवित्र आत्म्याला, मग मारियेला आणि संतांना. त्यानंतर मराठीची थोरवी येते. त्या ओव्या शाळेच्या पुस्तकांतून इतक्या फिरल्या आहेत की पुष्कळांना ख्रिस्तपुराण म्हणजे तेवढ्याच चार ओव्या वाटतात. प्रत्यक्षात त्या ग्रंथाच्या उंबरठ्यावरच्या आहेत; घर त्यांच्या पलीकडे आहे.

मला जास्त मोलाचे वाटते ते भाषेविषयीचे त्यांचे निवेदन. ते सांगतात, ग्रंथ मराठीत लिहिला आहे. पण शुद्ध मराठी ‘मध्यम लोकांसी नकळे’, म्हणून जुन्या कवींचे अवघड शब्द टाकून, अलीकडच्या कवींच्या रीतीने, ठिकठिकाणी ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे त्या वेळच्या कोकणीतले, सोपे शब्द मिसळून कवित्व सोपे केले आहे. मागणी केली ती शिकलेल्या ब्राह्मणाने. लिहिताना मात्र कवीच्या डोळ्यापुढे आला तो त्याच्या मागे बसलेला, पोथीची भाषा अर्धी कळणारा माणूस. सामावून घेण्याचा निर्णय कागदावर कसा दिसतो, याचा हा नमुना आहे. घोषणा नाही. कोणता शब्द ठेवायचा आणि कोणता काढायचा, हा ओळीओळीतला निवाडा आहे.

त्याच दशकांत पैठणला एकनाथ हेच काम करत होते. एकनाथी भागवत १५७३ चे, एकनाथांचे निर्वाण १५९९ चे. दोघांची गाठ पडण्याचा प्रश्नच नाही. पण देवाची कथा बायाबापड्यांना कळेल अशा बोलीत सांगण्याचा आग्रह दोघांचाही, आणि छंदही दोघांचा एकच, ओवी.

ग्रंथात श्रोता अधूनमधून कथा थांबवून प्रश्न विचारतो आणि पाद्री-गुरू उत्तर देतो. आपल्या पुराणांना हे नवे नाही. सूत आणि शौनक असोत की परीक्षित आणि शुक, विचारणाऱ्याशिवाय आपले पुराण पुढे सरकत नाही. या एका घाटामुळे धर्मशिक्षणाच्या वर्गाची रीतच पालटते. प्रश्नोत्तरीच्या पुस्तकात प्रश्न शिक्षकाचा असतो आणि उत्तर मुलाने पाठ करायचे असते. पुराणात प्रश्न ऐकणाऱ्याचा असतो.

आणि स्टीफन्सनी ही दोन्ही पुस्तके लिहिली, हे विसरू नये. त्यांची कोकणीतली प्रश्नोत्तरी, दोत्रिना, त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये साष्टीतल्या रायतूरला छापली गेली. मार्कोस जॉर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवर ती आधारलेली आहे. कोकणीचे व्याकरण छापले गेले १६४० मध्ये, दिओगो रिबेरो यांनी भर घातल्यावर. म्हणजे मुलांना पाठांतरासाठी घरात बोलली जाणारी कोकणी, आणि मोठ्यांना चर्चमध्ये बसून ऐकण्यासाठी मराठी, जिच्यात साष्टीतले लोक पिढ्यान्‌पिढ्या देवाची कथा ऐकत आले होते. एकाच समाजाच्या दोन भाषा, दोन गरजा. आज गोव्यात मराठी-कोकणीचा विषय निघाला की आवाज चढतात. चारशे वर्षांपूर्वीच्या या शिक्षकाने दोघींना आपापले काम दिले आणि दोघींसाठी घाम गाळला.

लिपी मात्र त्यांच्या हातात राहिली नाही. भारतातला पहिला छापखाना गोव्यात १५५६ मध्ये आला होता, पण छपाईचे खिळे रोमन लिपीचे होते. इथल्या अक्षरांत छापता यावे, अशी इच्छा स्टीफन्सनी १६०८ मध्ये रोमला पत्राने कळवली होती. ते घडले नाही. ख्रिस्तपुराण रोमन लिपीतच छापले गेले. ज्याने पुराण मागितले त्याला आपल्या पोथीची लिपी येत होती. उत्तर आले ते परक्या लिपीत. मग ते ऐकण्यावरच निभावले. वाचणारा एक आणि ऐकणारे सगळे, ही आपली जुनी रीत इथेही कामी आली.

वैकुंठ आणि बाप्तिस्मा

स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतात, मुक्तीला मोक्ष म्हणतात, पाद्र्याला गुरू म्हणतात. पण बाप्तिस्म्यासारखे खास संस्कारांचे शब्द पोर्तुगीज-लॅटिन वळणाचेच ठेवतात. यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप घेता येतो. कट्टर ख्रिस्ती म्हणेल, वैकुंठ म्हटले की विष्णू आलाच. हिंदू वाचक म्हणेल, आमचा शब्द उचलून आमच्याच देवाला बाहेर काढले. दुसरा आक्षेप मी हलका मानत नाही. देवळे पाडलेल्या मुलखात, पुराणे बंद केलेल्या माणसाला त्याच्याच पुराणाचा साचा देणे, याला निव्वळ प्रेम म्हणून मोकळे होता येत नाही. त्यात त्याला नव्या धर्मात पक्के करण्याचा हेतू उघड आहे.

तरीही हेतू एवढाच असता तर पातळ काम चालले असते. चार गाणी आणि एक नाटुकले पुरले असते. ११,००० ओव्या कुणी केवळ डावपेच म्हणून रचत नाही. इतके लिहायला आधी ती भाषा आपली व्हावी लागते. हा ग्रंथ एका जुलमी राजवटीच्या छायेत लिहिला गेला आणि तो मराठीवरच्या खऱ्या प्रेमातूनही लिहिला गेला. शिकवताना या दोनांपैकी एक सोयीने गाळले, की उरतो तो प्रचार, या बाजूचा किंवा त्या बाजूचा.

याच सुमारास, १६०६ मध्ये, मदुराईत रॉबर्टो दि नोबिली हे जेझुइट पाद्री पोचले आणि त्यांनी ब्राह्मण संन्याशासारखे राहायला सुरुवात केली. मोठा वाद झाला. शेवटी १६२३ मध्ये पोपनी जानवे, शेंडी, गंध अशा खुणांना अटींसह मोकळीक दिली. नोबिलींनी उच्चवर्णीयांसाठी वेगळा मार्ग आखला. स्टीफन्सनी ग्रंथ सगळ्यांच्या कानांवर पडेल असा केला. तुलनेत मला साष्टीचा मार्ग अधिक न्यायाचा वाटतो.

पण साष्टीचे चर्च म्हणजे समतेचे घर होते, असेही नाही. बाप्तिस्मा घेतला तरी बामण, चारडी, सुदीर हे भेद ख्रिस्ती समाजात राहिलेच. चर्चमधल्या कोन्फ्रारिया, म्हणजे सण-उत्सव चालवणारी मंडळे, जातींनुसार वाटली गेली. फेस्ताचा मान कुणाचा, मिरवणुकीत झगा कोणत्या रंगाचा, यावरून गावागावांत पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. पुराणाने भाषेची दारे उघडली. जातीच्या दारांना त्याने हात लावला नाही. ख्रिस्तपुराणाचे गोडवे गाणाऱ्या लेखांत हा भाग बहुधा नसतो, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

हुकूम

१६०६ च्या गोव्याच्या धर्मपरिषदेने ठरवले होते की, स्थानिक भाषा शिकल्याशिवाय कुणाला गावचा पाद्री नेमू नये. ख्रिस्तपुराण छापले गेले ते या वातावरणात. पाठोपाठ फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुआ यांनी संत पेत्राचे ओवीबद्ध पुराण रचले. ख्रिस्तपुराणाच्या पुढच्या आवृत्त्या निघाल्या १६४९ आणि १६५४ मध्ये. मागणी होती, म्हणून तर पुन्हापुन्हा छापावे लागले.

मग २७ जून १६८४ ला व्हाइसरॉयने फर्मान काढले : लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागावे. भाषा शिकण्याचा भार पाद्र्यावर होता, तो आता कुणब्याच्या आणि माडाची सूर काढणाऱ्या रेंदेराच्या डोक्यावर आला. या फर्मानामागे फ्रान्सिस्कन पाद्र्यांचा आग्रह होता. तीन वर्षांत भाषा मेली नाही, मरणारही नव्हती. पण तिच्यात नवे ग्रंथ छापण्याचा झरा आटला. १७३६ मध्ये इन्क्विझिशनने आणखी एक जाहीरनामा काढला. ख्रिस्ती घरांनी तुळस लावायची नाही, लग्नात विडा-सुपारी आणि फुले द्यायची नाहीत, पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालायची नाही, आणि लग्नात ओव्या गायच्या नाहीत.

ज्या छंदात चर्चने स्वतः ख्रिस्ताची कथा छापली होती, तोच छंद बाईने लग्नघरात गायला तर गुन्हा. साष्टीतल्या बायकांनी ओवी पुराणातून घेतली नव्हती. जात्यावर, पाळण्याशी, लग्नाच्या मांडवात ती त्यांचीच होती. स्टीफन्सनी ती त्यांच्याकडून घेतली. पण कोणती परंपरा आत येणार आणि कोणती बाहेर राहणार, हे ठरवण्याच्या खोलीत त्या बायका कधीच नव्हत्या. तो पहिला ब्राह्मणही नव्हता. त्याने विनंती केली, ती एका सहृदय गुरूने मान्य केली, आणि पुढच्या शतकात दुसऱ्या कुणीतरी ती मान्यता रद्द केली. या सगळ्या प्रकरणात मला हाच भाग निर्णायक वाटतो. सामावून घेणे जोवर एकाच्या मर्जीवर आहे, तोवर ते एका सहीने जाते. स्थानिक पाद्री, स्थानिक शिक्षक, स्थानिक बाया यांना निर्णयात जागा असती, तर १७३६ चा जाहीरनामा निघणे अवघड होते.

ग्रंथ कसा वाचला

पहिल्या तीनही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज सापडत नाही. ग्रंथ जगला तो घराघरांतल्या हस्तलिखितांवर, आणि गोवा सोडून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांमुळे. मंगळूरला १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी अशाच हस्तलिखितांवरून तो पुन्हा छापला, तोही रोमन लिपीतच. देवनागरीतली एक हस्तलिखित प्रत १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांनी लंडनमधल्या मार्सडेन संग्रहात शोधून काढली. तिच्यात पोर्तुगीज शब्दांच्या जागी संस्कृत-मराठी शब्द आहेत. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी देवनागरीत ग्रंथ सिद्ध केला. १९९६ मध्ये कारिदाद द्रागो यांचे देवनागरी लिप्यंतर आले, आणि २००९ मध्ये नेल्सन फलकाव यांचे मराठी गद्य रूपांतर. म्हणजे देवनागरीत छापावे ही १६०८ ची इच्छा पुरी व्हायला साडेतीन शतके लागली.

आजच्या वर्गात

वसईच्या पट्ट्यात रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला आज येणारी मुले पाहा. घरी आजीशी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी, शाळेत इंग्रजीत शिकणारी, चर्चमध्ये मराठीत प्रार्थना म्हणणारी. १९६० च्या दशकात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली आणि वसईने मराठी मनापासून स्वीकारली. त्या मातीतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो आले. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद-पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. आता त्याच पट्ट्यातून पालक विचारतात, प्रथम ख्रिस्तप्रसादाची तयारी इंग्रजीतून करून घ्याल का? ही मागणीही ऐकलीच पाहिजे. मुलाला जी भाषा कळते तिच्यात शिकवावे, हे तर स्टीफन्सचेच तत्त्व. पण त्यांच्या पद्धतीत दुसरी बाजू होती : मुलांसाठी एक भाषा, सगळ्यांनी मिळून ऐकण्यासाठी दुसरी. इंग्रजीत प्रश्नोत्तरे शिकलेल्या मुलाने आजीबरोबर बसून मराठीत ख्रिस्तकथा ऐकावी, यात काहीच विसंगत नाही. तशी संधी दोघांना कोण देते, एवढाच प्रश्न.

गोव्यात काही परंपरा कुणाच्या परवानगीची वाट न पाहता टिकल्या आहेत. साष्टीतल्या रायला ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. पाद्री शेतात जाऊन भाताच्या पहिल्या लोंब्या कापतो, त्या आशीर्वादित होऊन चर्चमध्ये येतात, मग घरोघरी जातात. गणपतीच्या आसपास हिंदू घरांत नवे कणीस दाराला बांधले जाते, त्याच शेतातले, त्याच हंगामात. मुलांना हे फेस्त दाखवताना शेजारच्या घरचे ‘नवे’ही दाखवले, तर दोघांनाही आपल्या जमिनीची ओळख होते. त्यासाठी सिद्धान्त लागत नाही, गावात चार पावले चालावी लागतात.

सगळ्यात अवघड धडा कुंकळ्ळीचाच. गावात पाच जेझुइटांच्या हौतात्म्याचे चॅपेल आहे. चर्चने त्यांना १८९३ मध्ये धन्यवादित घोषित केले. त्याच गावात असोळण्याला मारल्या गेलेल्या गावकारांचे स्मारकही आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुलांना फक्त चॅपेल दाखवून आणले, तर अर्धे गाव त्यांच्यापासून लपवल्यासारखे होईल. त्या मुलांच्यातलीच काही त्या गावकारांच्या वंशातली असतात. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण देवळे पाडण्याच्या काळात फातर्प्याला गेली. दरवर्षी तिची मिरवणूक तिथून आपल्या जुन्या जागी येते. बारा वांगडांच्या, म्हणजे गावकारांच्या कुळांच्या, बारा रंगीत छत्र्या तिच्यासोबत असतात, गुलाल उधळला जातो, आणि त्या बारा वांगडांतल्या ख्रिस्ती घराण्यांचा मानही त्यात आहे. बाप्तिस्मा होऊन चारशेहून अधिक वर्षे झाली, तरी तो मान त्यांनी सोडला नाही आणि हिंदू गावकारांनी तो काढूनही घेतला नाही.

या मिरवणुकीला ख्रिस्ती मुलाने जावे का, असे मला एका धर्मशिक्षिकेने विचारले होते. मी सांगितले, त्याचे घर जात असेल तर त्याला अडवू नका. परत आला की वर्गात सगळ्यांसमोर त्याला सांगू द्या, त्याने काय पाहिले, कुणाची छत्री कुणी धरली, आणि त्याच्या आजोबांनी त्याला त्याबद्दल काय सांगितले. मग तुमचा धडा तिथून पुढे सुरू करा.